कल्याण बंदर ते नाणेघाट : आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची सहल



दिवाळीची सुट्टी संपली की मी नववीच्या वर्गाला प्रवासवर्णन लिहायला देते. वह्या तपासायला घेतल्या की निम्मा वर्ग महाबळेश्वरला जाऊन आलेला असतो आणि उरलेला गोव्याला. वर्णन वाचून तिथे काय आहे ते मात्र कळत नाही. कळतं ते एवढंच की पहाट रम्य होती, निसर्गाने मुक्त हस्ताने उधळण केली होती आणि परतताना पाय निघत नव्हता. जी मुलं कुठेच गेलेली नसतात, ती तर सरळ गाइडमधलं महाबळेश्वर उतरवून काढतात. त्यांना मी दरवर्षी सांगते की बाळांनो, कल्याणवर लिहा, मुरबाडवर लिहा. तर 'मॅडम, तिथे काय आहे?' असा प्रश्न येतो. मग या वेळी म्हटलं, आपणच लिहून दाखवावं. एका बाजूला बंदर आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि दोन्ही डोंबिवलीपासून एका एसटीच्या अंतरावर.

आमच्या लग्नाला गेल्या डिसेंबरात पंचवीस वर्षं झाली. पुण्याला शिकणाऱ्या लेकीने सुचवलं होतं, "आई, विशाखापट्टणमला जा. समुद्रही आहे आणि जवळच अरकूचे डोंगरही." तिने फोटोसुद्धा पाठवले. मी खूश होते. आमचे हे मात्र "बघू, बघू" करत राहिले. जुलैमध्ये यांची नोकरी गेली होती. फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत अठ्ठावीस वर्षं हिशेब बघितले, आणि एके दिवशी हिशेबाचं सगळं काम कंपनीने दुसऱ्या शहरात हलवलं. पैसे सगळे नीट मिळाले, काळजी करू नकोस, असं यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. तरी तिकिटं काही काढली जात नव्हती. शेवटी नोव्हेंबरच्या अखेरीस मीच म्हटलं, "अहो, समुद्र आणि डोंगरच पाहायचेत ना? मग आपलं कल्याण काय वाईट आहे?" यांना वाटलं मी चिडून बोलतेय. थोडी चिडले होतेच, पण बोलले ते खरंच मनापासून.

आता तुम्ही म्हणाल, कल्याणला कुठला समुद्र? सांगते.

कल्याण उल्हास नदीवर आहे, आणि उल्हासची खाडी भरतीच्या वेळी पार कल्याणपर्यंत फुगते. आपण लोकलमधून उतरून रिक्षाच्या रांगेत उभे राहतो, म्हणून हे गाव आपल्याला फक्त जंक्शन म्हणून माहीत असतं. रेल्वे इथे आली १ मे १८५४ ला. त्याच्या आदल्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ ला, पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली होती, हे तर पाठच असतं सगळ्यांना. पण त्याआधी निदान अठराशे वर्षं हे गाव बंदर म्हणून जगाला ठाऊक होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक माणसाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ते पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात कल्याणचं नाव 'कल्लिएना' असं येतं. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत दान देणाऱ्यांची जी नावं कोरली आहेत, त्यात कल्याणचे रहिवासी आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने इथल्या पितळेची, लाकडाची आणि कापडाची नोंद केली. इथे ख्रिस्ती धर्मगुरू राहतो असंही लिहिलं. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी गावांना नावसुद्धा नव्हतं, तेव्हा कल्याणची ख्याती इजिप्तपर्यंत पोचली होती.

शनिवारी दुपारी जेवूनखाऊन आम्ही निघालो. डोंबिवलीहून कल्याणला जायला असा कितीसा वेळ लागतो! यांनी सवयीने दारातल्या कोपऱ्याकडे सरकायला सुरुवात केली, तेव्हा मी म्हटलं, "अहो, बसा की, गाडी रिकामी आहे." अठ्ठावीस वर्षांत यांनी सकाळी सातच्या सुमाराची लोकल पकडली आणि रात्री आठ-साडेआठला घरी आले. दुपारचं ऊन पडलेल्या डब्यात आम्ही दोघं शेजारी बसलोय, असं कधी घडलं होतं का, ते मला आठवेना.

दुर्गाडीला रिक्षाने गेलो. किल्ला म्हणून मोठं काही पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. खाडीकाठची टेकडी, थोडी तटबंदी, बुरूज आणि देवीचं देऊळ. पण बुरुजावर उभं राहून खाली खाडी बघा. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत स्वराज्याची पहिली जहाजं बांधायला सुरुवात केली. मराठ्यांचं आरमार म्हटलं की आपल्याला सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आठवतो, पण त्याचा पाळणा इथे हलला. आज खाली भिवंडीकडे जाणारा पूल आहे, त्यावर ट्रकची रांग आहे, आणि पाण्याचा रंग पाहून जहाजाची आठवण यावी असं काही नाही. आम्ही गेलो तेव्हा भरती येत होती. पाणी उलटं, म्हणजे समुद्राकडून आत चढत होतं. प्लास्टिकची एक बाटली मुंबईकडून कल्याणकडे प्रवास करत आली, तेव्हा हे म्हणाले, "हिला डाउन लोकल मिळालेली दिसते." पाच महिन्यांत यांनी केलेला हा पहिला विनोद. मी मुद्दाम मोठ्याने हसले.

मग मी त्यांना पेरिप्लसमधली पुढची गोष्ट सांगितली. त्या ग्रीक लेखकाने लिहिलंय की कल्लिएना हे पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पण राज्यकर्ता बदलल्यापासून तिथला व्यापार अडवला जातो, आणि चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच तर पहारा बसवून त्याला भडोचला नेतात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात कल्याणचं बंदर असं चिरडलं गेलं होतं. पुढे ते पुन्हा वर आलं, पण काही काळ त्याची माती झालीच. हे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे काम दुसऱ्या शहरात हलवलं. आणि हमालांचं काय झालं, ते लिहिलंय का त्याने?"

नाही लिहिलेलं. मी तसं सांगितलं. नंतर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

पारनाक्याला यांची आत्या राहते, मुक्काम तिच्याकडे होता. वाटेत जुन्या कल्याणमधून चालत गेलो. सुभेदार वाडा, टिळक चौक, मधूनच एखादं लाकडी खांबांचं घर आणि त्याला खेटून उभी असलेली दहा मजली इमारत. चालताना मला आठवत होती यमुना. ३१ मार्च १८६५ ला कल्याणमध्ये जन्मलेली यमुना म्हणजे आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा, बिजवर, टपाल खात्यात नोकरीला. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. वेळेवर डॉक्टर मिळाला असता तर, हा विचार तिथून सुरू झाला. १८८३ मध्ये ती एकटी अमेरिकेला गेली, ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयाने पुण्यात वारली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

वर्गात हा पाठ शिकवताना गोपाळरावांचं काय करायचं, हे मला कधी कळलेलं नाही. बायकोने शिकावं म्हणून जग अंगावर घेणारा नवरा, हे खरं. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात गेली म्हणून तिला मारणारा नवरा, हेही तितकंच खरं. तिच्या स्वतःच्या पत्रात त्या माराचा हिशेब आहे. मुलं विचारतात, "मॅडम, मग ते चांगले होते की वाईट?" मी म्हणते, "ती दोन्ही पत्रं वाचा, मग ठरवा." ज्या अमेरिकन बाईंनी, थिओडिशिया कार्पेंटर यांनी, तिला मुलीसारखं सांभाळलं, त्यांनी तिच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. कल्याणची ही लेक तिथेच आहे अजून.

आत्याकडे मोठा गोंधळ झाला. तिला वाटलं पंचविसावा वाढदिवस म्हणजे हॉल असेल, जेवण असेल. "अरे, तू बायकोला घेऊन चाललायस कुठे? मुरबाडच्या पुढे? जंगलात?" असं ती यांना चारदा म्हणाली. मग तिने मला आत बोलावून विचारलं, "सूनबाई, सगळं ठीक आहे ना गं?" मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही, पण पहाटे चारला उठून तिने आमच्यासाठी थालीपिठं लावली, आणि सोबत दह्याचा डबा, लसणीची चटणी, वर गुळाचा खडा.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की लगेच एसटीचा डेपो आहे. माळशेज घाटातून आळेफाटा, जुन्नर किंवा नगरकडे (आताचं अहिल्यानगर) जाणारी कुठलीही गाडी वैशाखऱ्याजवळ सोडते. पहाटेची पहिली गाडी घ्या, उन्हाच्या आत चढ संपला पाहिजे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरने एक पूर्ण आणि एक अर्धं फाडल्यावर हे म्हणाले, "अर्धांगिनी म्हणतात ते हेच." शनिवारपासूनचा हा दुसरा. माझी उमेद वाढली.

शहाड मागे पडलं, रायत्याच्या पुलावर पुन्हा उल्हास नदी भेटली. कालचीच नदी, पण इथे तिच्यात गोडं पाणी, काठाला भाजीचे मळे. मुरबाडला अजून रेल्वे नाही, म्हणून एसटीला अजून मान आहे. सरळगाव, टोकावडे. उजव्या हाताला गोरखगड आणि मच्छिंद्रगड यांचे सुळके दिसत राहतात. नंतर समोर जी सह्याद्रीची भिंत उभी राहते, ती पाहून हे म्हणाले, "यावर चढायचं? आपण?"

यावर नाही, यातून. नाणेघाटाची गंमतच ती आहे. ही वाट डोंगरमाथ्यावर मिरवत जात नाही, एका घळीतून वर सरकते. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नर आणि त्यापलीकडच्या पैठणचा माल कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरायचा तो इथूनच. बैल, गाढवं, डोक्यावर ओझी घेतलेली माणसं. जुन्नरच्या आसपास दोनशेहून अधिक लेणी आहेत, ती उगाच नाहीत. या वाटेवर पैसा होता. इंग्रजांनी १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे वर नेली. कर्जत आणि कसारा या दोन फाट्यांवर आपण सगळे वाढलो. नाणेघाट मधल्यामध्ये राहून गेला. तिथे आता ट्रेकर जातात आणि माकडं राहतात.

ठाणे-कल्याणमधले तरुण ही वाट दोन-अडीच तासांत चढतात. आम्हाला चार लागले. सुरुवातीला जंगल आहे, कोरडा ओढा आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत, आणि वाट बऱ्यापैकी सपाट आहे. मग चढ लागतो आणि तो संपतच नाही. माझी गुडघेदुखी आणि यांचा दम, दोघांची आलटून पालटून सुट्टी. एक गोष्ट लक्षात आली. इतक्या वर्षांत आम्ही चालताना हे नेहमी दहा पावलं पुढे असायचे. स्टेशनवर, बाजारात, लग्नाला जातानासुद्धा. ती लोकलची सवय आहे, मी कधी मनावर घेतलं नाही. त्या दिवशी चढावर हे मागे राहिले. मी थांबले की हेही थांबायचे, आणि मी वळून पाहिलं की दुसरीकडे बघायचे. दगडी पायऱ्या सुरू झाल्या तिथे एक मुलांचा घोळका आम्हाला ओलांडून गेला. "काका, आलंच, पाच मिनिटं!" असं ते ओरडले. ती पाच मिनिटं पंचवीस मिनिटांची होती.

घळीच्या तोंडाशी, माथ्याच्या किंचित खाली, लेणं आहे. चौकोनी खोली, तीन बाजूंनी दगडी बाक. लेणं म्हणजे मूर्ती आणि नक्षी असं वाटत असेल तर निराशा होईल. इथे आहेत अक्षरं. भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख कोरलेला आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा, शातकर्णी राजाच्या राणीचा. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. मागच्या भिंतीवर एके काळी या राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता त्या नाहीत, खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, आणि वर नावं. त्यात एका जागी एकच नावपट्टी दोघांसाठी आहे, राणी आणि राजा. आणि तिचं नाव आधी आहे, त्याचं नंतर. मी हे यांना दाखवलं. "लग्नपत्रिकेत आपलं उलटं होतं," एवढंच हे म्हणाले आणि बाकावर टेकले.

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी मला एक कागद दिला होता. त्यावर ब्राह्मीची मुळाक्षरं आणि खाली आकडे. मी अक्षरं लावायचा प्रयत्न करत होते, दगड झिजलाय, उन्हाची तिरीप अर्ध्याच भिंतीवर येते, फारसं जमत नव्हतं. हे पाणी प्यायले, घाम पुसला, आणि कागद मागून घेतला. हे गेले सरळ आकड्यांकडे. एकासाठी एक आडवी रेघ, दोनसाठी दोन. इथवर सोपं. पुढे मला सरांनी जे समजावलं होतं ते मी यांना सांगायला लागले. हा लेख मुळात राणीने आणि राजाने केलेल्या यज्ञांचा आणि त्यात दिलेल्या दक्षिणेचा आहे. एका यज्ञाला १,७०० गाई आणि १० हत्ती. दुसरीकडे ११,००० गाई आणि १,००० घोडे. एके ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. बघ्यांना आणि नोकरचाकरांना ६,००१. आपल्या देशात आकडे लिहिल्याचा जो अगदी जुना पुरावा आहे, त्यात या भिंतीचं नाव फार वर आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात भगवानलाल इंद्रजी या विद्वानाने हे आकडे अभ्यासून उलगडले.

"२४,४०० कसं लिहिलंय?" यांनी विचारलं.

तर ते असं, की तेव्हा शून्य नव्हतं. म्हणजे आकड्याची किंमत जागेवरून ठरत नव्हती. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी. हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडली की चार हजार, विसाची जोडली की वीस हजार. शंभराला चार जोडले की चारशे. मग वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन खुणा शेजारी शेजारी.

हे उठून उभे राहिले. भिंतीला नाक लावतील की काय असं वाटलं. "अगं, हे व्हाउचर आहे! कशासाठी दिले, काय दिलं, किती दिले. आणि बघ, हा ६,००१ वरचा एक. शगुनाचा. हिशेबात तो एक रुपया जुळवताना आमचा किती जीव जायचा!" बोट न लावता, हवेतच, हे ओळींवरून हात फिरवत होते. कागदावरच्या खुणा आणि भिंतीवरच्या खुणा यांची गाठ घालत होते. ओळखू आल्या असतील तीन-चारच, पण दर वेळी मला हाक. "हा बघ, हजार!" अर्धा-पाऊण तास मी बाकावर बसून नुसती बघत होते. अकाउंटंट माणूस अकाउंट्स बघत असताना कसा दिसतो, हे मी पंचवीस वर्षांत पाहिलंच नव्हतं. ते सगळं फोर्टात घडायचं.

मग मी त्या लेखातला शेवटचा भाग सांगितला. बऱ्याच अभ्यासकांच्या मते हा लेख कोरला गेला तेव्हा शातकर्णी हयात नव्हता. महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखं जगणारी अशी तिची वर्णनं त्यात येतात. म्हणजे नवरा गेल्यावर, मुलं लहान असताना, त्या दोघांनी मिळून काय काय केलं, कुणाला किती दिलं, ते तिने रहदारीच्या नाक्यावर सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलं.

"तिला सगळं माहीत होतं म्हणून लिहिता आलं," हे म्हणाले.

आणि मग यांनी सांगितलं. जुलैमध्ये जे पैसे मिळाले म्हणून सांगितलं होतं, ते तेवढे मिळाले नव्हते. कंपनीने कबूल केले होते १४ लाख, हातात आले ९ लाख ४० हजार. उरलेले दुसऱ्या हप्त्यात येणार होते. दिवाळीत येणार होते, आले नाहीत, आणि आता फोन उचलत नाहीत. लेकीच्या फीचं कर्ज अजून सव्वासहा लाख आहे. मी गणपतीच्या आधी घराला रंग काढला, तेव्हा यांना बोलायचं होतं. विशाखापट्टणमच्या वेळी बोलायचं होतं.

वाचकहो, मला राग आला. पैशांचा नव्हे. पाच महिने एका छपराखाली राहून, एका ताटलीतला पापड मोडून खाऊन, माणूस हे पोटात ठेवतो कसं? मी तसं विचारलंही, आणि आवाज लहान नव्हता. लेण्यात आवाज घुमतो. बाहेर सेल्फी काढणारी दोन मुलं आत डोकावून परत गेली. यांनी काही कारण दिलं नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "आकडा तोंडातून बाहेर पडला की खरा होतो ना."

मी पर्समधून पेन काढलं. सरांच्या कागदाची मागची बाजू कोरी होती. म्हटलं, "सांगा." माझा पगार, हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, लेकीचं होस्टेल, सासूबाईंची औषधं, वीजबिल. हे सांगत गेले, मी लिहीत गेले; मग माझी बेरीज यांना पटेना म्हणून पेन यांनी घेतलं. खालून दुसऱ्या हप्त्याची रक्कम यांनी लिहिली आणि स्वतःच त्यावर काट मारली. महिन्याला अकरा हजार कमी पडत होते. डोंबिवलीत छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं घेतली तर, असं हे म्हणाले. मी म्हटलं, बघू. काही ठरलं नाही त्या दिवशी. थालीपिठं मात्र तिथेच संपवली, माकडांना दिसणार नाहीत अशी, पदराआड.

घळीतून वर माथ्यावर गेलात की लगेच एक मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी यात टाकत असत, म्हणून नाणेघाट, असं परंपरेने सांगतात. पुढे कड्याचं टोक आहे, त्याला नानाचा अंगठा म्हणतात. तिथून खाली कोकण पसरलेलं दिसतं. बाजूला जीवधन किल्ला, त्याचा वानरलिंगी सुळका. डोळे ताणून पाहिलं तरी कल्याण काही दिसलं नाही. धुकट होतं सगळं. यांनी रांजणात डोकावून पाहिलं. आत पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं. यांनी दोन-चार उचलून पिशवीत भरली, बाकीची हात पोचेना म्हणून राहिली.

उतरताना गुडघ्यांनी जीव काढला. वैशाखऱ्याला फाट्यावर एक आजी काकड्या विकत बसल्या होत्या. गाडी यायला तास होता. यांनी चार काकड्या घेतल्या, आजींना चाळीसऐवजी पन्नासची नोट दिली आणि सुटे परत घेतले नाहीत. मी काहीच बोलले नाही. गाडीत हे खांद्यावर मान टाकून सरळगावपर्यंत झोपले, आणि मी तो कागद पुन्हा उघडून बेरीज तपासली. बरोबर होती.

सोमवारी इतिहासाच्या सरांनी कागद परत मागितला, त्यांना आठवीच्या प्रकल्पासाठी हवा होता. मी शाळेसमोरच्या दुकानात जाऊन झेरॉक्स काढून दिली, पुढच्या बाजूची.